सातवा डबा

माझे सासरे चोर होते. हे मी रागाने म्हणत नाही. रागात मी याहून वाईट बोलते. सरळ माहिती म्हणून सांगते. लग्न ठरताना मुलाकडच्यांनी सगळं सांगितलं होतं. मुलाची नोकरी, घराच्या खोल्या, नळाला पाणी किती वाजता येतं, सगळं. एवढी एक गोष्ट राहून गेली. मला ती लग्नानंतर आठव्या दिवशी खुद्द सासऱ्यांनीच सांगितली, मटार सोलता सोलता. दुसऱ्या घरांत लोक आजोबांच्या वकिलीबद्दल ज्या थाटात बोलतात, त्या थाटात.

चोर म्हणजे तिजोऱ्या फोडणारे वगैरे नव्हेत. तेवढी अक्कल असती तर आज आम्ही बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर राहत नसतो. ते सायकलच्या घंट्या चोरायचे. घंटीसुद्धा अख्खी नाही, फक्त वरची वाटी. सिनेमा सुरू झाला की थिएटरच्या सायकल स्टँडवर रांगेने फिरायचं, वाटीवर अंगठा आणि दोन बोटं ठेवायची, तीन फेरे, की वाटी खिशात. मालक सिनेमा बघून बाहेर येतो, रस्त्यात कुणी आडवं येतं, हा घंटी वाजवतो तर नुसतं खट्. या वाट्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे जायच्या, आणि दुसऱ्या दिवशी तोच मालक तिथूनच स्वतःची वाटी विकत घेऊन, वर सायकलवाल्याचे आभार मानून जायचा. गावाने त्यांचं नाव घंटी ठेवलं होतं. तेव्हाच्या सासऱ्यांना मीही इथे घंटीच म्हणणार आहे आणि अरे-तुरे करणार आहे, कारण चोराला अहो-जाहो करण्याची पद्धत नाही. सासूबाईंना मात्र त्या वयातही मी अहो-जाहोच करीन. त्या हे वाचणार आहेत.

ही गोष्ट आमच्या घरात दोघं मिळून सांगतात. अर्धी सासरे, अर्धी सासूबाई. सासरे आपला अर्धा भाग संपला की उठतात आणि "जरा खाली सायकली बघून येतो" म्हणून निघून जातात. आमच्या जिन्याखाली दोनच सायकली आहेत आणि त्यांतली एक गंजून भिंतीला चिकटली आहे. तरी ते बघून येतात.

तर घंटी एकदा पकडला गेला. त्याच्याच खिशाने त्याला पकडून दिलं म्हणा ना. मोठ्या थिएटरचा मॅनेजर नेमका स्टँडवर आला, घंटीने स्वतःच्या सायकलवर टांग मारली, आणि खिशातल्या अकरा वाट्या खणखणायला लागल्या. पुढे अर्धा तास गल्लीबोळांतून चारजण त्या आवाजामागे धावत होते. सापडला तेव्हा मॅनेजर धापा टाकत म्हणाला, "पोलिसात देऊ, की नोकरी देऊ?"

मॅनेजर वेडा नव्हता, अडलेला होता. एकाच मालकाची दोन थिएटरं होती, एक मोठं आणि नदीपलीकडे एक धाकटं. सिनेमाची प्रिंट मात्र एकच यायची. चौदा रिळं, दोन-दोन रिळांचे सात डबे. मोठ्या थिएटरात खेळ बाराला सुरू व्हायचा, धाकट्यात पाऊण वाजता. इकडे एक डबा दाखवून संपला की तो गुंडाळायचा आणि सायकलवर घालून पूल ओलांडून तिकडे पोचवायचा, तिकडचा आधीचा डबा संपायच्या आत. आधीचा माणूस वजनदार होता आणि पुलाच्या चढावर उतरून चालायचा. तो चालत असताना धाकट्या थिएटरात पडदा पांढरा पडायचा आणि लोक खुर्च्या मोडायचे. चौघांना अर्धा तास पळवणारा माणूस मॅनेजरला देवाने धाडल्यासारखा वाटला. चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात, त्या त्याने दिल्या.

एकच अट घातली. मोठ्या थिएटरात सातवा डबा पडद्यावर असेल तेवढा वेळ घंटीने काठी घेऊन सायकल स्टँडवर उभं राहायचं. एक जरी वाटी गेली तरी मान घंटीची. सिनेमा सुटून माणसं सायकली घेऊन गेली, की मग सातवा डबा उचलायचा आणि निघायचं. तो धाकट्या थिएटरात टाकला, की लगेच पहिले डबे घेऊन परत, कारण मोठ्या थिएटरात सव्वातीनचा खेळ. म्हणजे शेवटचा डबा इकडे चालू असताना हा स्टँडवर, आणि तिकडे चालू असताना हा पुलावर. बाकी सगळे तुकडे त्याला कुठे ना कुठे दाराआडून दिसायचे. शेवट मात्र त्याने आयुष्यात एकाही सिनेमाचा पाहिला नव्हता.

आता सासूबाई. त्या धाकट्या थिएटरच्या तिकीटखिडकीत बसायच्या. खिडकी म्हणजे भिंतीत पाडलेलं, एक हात जाईल एवढं भोक आणि वर जाळी. आत एक स्टूल आणि एक पंखा. पंखा लावला की तिकिटं उडायची, म्हणून तो कायम बंद. डबा आला की घंटीने खिडकीपाशी सांगायचं आणि सासूबाईंनी वहीत वेळ टिपायची, हा नियम. तिकिटं मध्यंतरापर्यंत विकली जायची. तेवढ्या वेळात पाच डबे यायचे आणि दिवसाला तीन खेळ असायचे. म्हणजे दिवसातून पंधरा वेळा, दर वेळी अर्धं मिनिट. लग्नाआधी माझं आणि माझ्या नवऱ्याचं याच्या निम्मंसुद्धा बोलणं झालं नव्हतं.

मध्यंतरानंतर खिडकी बंद करून सासूबाई मागच्या रांगेतल्या मोडक्या खुर्चीत जाऊन बसायच्या आणि उरलेला सिनेमा बघायच्या. त्यामुळे त्यांनी आयुष्यात एकाही सिनेमाची सुरुवात पाहिली नव्हती. नायक कुणाचा सूड घेतोय, आई आंधळी कधी झाली, ती दुसरी बाई कोण आणि सगळे तिच्यावर का खेकसतात, काही पत्ता नाही. घंटीला सुरुवाती पाठ आणि शेवट ठाऊक नाहीत. मग दोघांचं जमायला वेळ कितीसा लागणार?

"काल त्या म्हाताऱ्याने मुलाला ओळखलं का हो?" घंटी विचारायचा.

"ओळखलं. पण तो हरवला कसा होता?"

"जत्रेत. पहिला डबा. एक वाजता सांगतो, आता घाई आहे."

चार महिने हे असं चाललं. मग एके दिवशी, पाचवा डबा देताना, घंटीने जाळीतून विचारून टाकलं, "माझ्याशी लग्न कराल का?"

सासूबाईंनी आधी वहीत "पाचवा डबा, एक पंचावन्न" असं लिहिलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला लोक घंटी का म्हणतात, ते मला माहीत आहे."

"सोडलं ते."

"कधी?"

"सोडलं म्हणजे... सोडत आणलंय."

त्यांनी खिडकीचं फळकूट खाली पाडलं. हे त्यांचं रोजचंच होतं, मध्यंतर झालं होतं, पण घंटीला ते वर्मी लागलं.

सासूबाईंचंही बरोबर होतं. त्यांच्या वडिलांना पत्त्यांचा नाद होता. दर महिन्याला एकदा ते पत्त्यांचा जोड चुलीत घालायचे आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायचे की आता पुन्हा नाही. दर महिन्याला नवा जोड यायचा. "माझ्या डोक्यावर केस राहिले हेच नवल," सासूबाई म्हणतात. हसत म्हणतात, पण हसू तेवढ्यावरच थांबतं. माणूस सुधारतो हे त्यांनी घरात इतक्या वेळा ऐकलं होतं की बाहेरच्या माणसाकडून ऐकायची त्यांची तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी घंटीला तसं तोंडावर सांगितलं. "सुधारलेला माणूस मी ऐकलाय पुष्कळ. पाहिला नाही."

घंटीच्या नशिबाने त्याच शुक्रवारी मोठ्या थिएटरला तो सिनेमा लागला. परदेशी होता, खाली आपली अक्षरं यायची. वाळवंट, घोडा आणि एक दरोडेखोर. त्याच्या अंगावर धूळ इतकी की पहिल्या डब्यात आत माणूस आहे की नाही तेच कळत नाही. घोडा मात्र रोज धुतलेला. हा दरोडेखोर गाड्या लुटतो, दुकानं लुटतो, एका म्हाताऱ्याची चष्म्याची डबीसुद्धा सोडत नाही. दंडाला गोळी लागून तो एका नदीकाठी येऊन पडतो. तिथे एक विधवा बाई दोराने ओढायची नाव चालवत असते आणि कुणालाही त्याचं नाव विचारत नसते. ती चौथ्या डब्यापर्यंत हसत नाही. पाचव्या डब्यात तो आपली दोन्ही पिस्तुलं झाडाखाली पुरतो आणि तिच्या नावेचा दोर ओढायला लागतो. सहाव्या डब्याच्या शेवटी तो फौजदारासमोर हात वर करून उभं राहायला म्हणून निघतो, आणि ती म्हणते, "मी नाव याच काठाला बांधून ठेवते." घोडा, धूळ, डबा संपला.

घंटीने हे शुक्रवारी पाहिलं, शनिवारी पाहिलं, आणि त्याला हा आपलाच सिनेमा वाटायला लागला. शेवट त्याने कुणाला विचारला नाही. विचारायचं काय त्यात? दोन्ही दिवस सिनेमा सुटल्यावर बायका डोळे पुसत बाहेर येत होत्या. घंटीने ताडलं, लग्न झालेलं दिसतंय. लग्नात बायका रडतातच.

धाकट्या थिएटरला तो सिनेमा रविवारपासून लागणार होता. शनिवारी घंटीने खिडकीशी छाती पुढे काढून सांगितलं, "सुधारलेला माणूस बघायचाय ना? उद्या बघा. पण पहिल्यापासून बघा, नाहीतर कळायचं नाही की तो आधी किती वाईट होता."

सासूबाई म्हणाल्या, "बघते. तो शेवटपर्यंत टिकला तर आपण बोलू. नाही टिकला तर तुम्ही नुसते डबे आणत जा."

शहाणी माणसं आयुष्याचा निर्णय सिनेमावर सोडत नाहीत, असं मी एकदा सासूबाईंना म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, नाही म्हणायचं ठरलंच होतं माझं. निमित्त हवं होतं. तो मेला दरोडेखोर शेवटी कुठेतरी माती खाणारच, ही मला खात्री. म्हटलं, सिनेमानेच सांगू दे, माझ्या तोंडाला नको."

रविवारी सासूबाईंनी गेटकीपरच्या बहिणीला खिडकीत बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवे असताना आत जाऊन बसल्या. तिसऱ्या रांगेत, नीट खुर्चीत. पडद्यावर सुरुवातीला नुसती नावं येतात हेही त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. घंटीने सहा डबे वाऱ्यासारखे पोचवले. सातवा डबा मोठ्या थिएटरच्या पडद्यावर चढला आणि तो काठी घेऊन स्टँडवर उभा राहिला, शीळ घालत.

सिनेमा सुटला. एक जाडजूड गृहस्थ कुलूप काढता काढता बायकोला म्हणाले, "एवढा सुधारला, आणि मेला की शेवटी!"

घंटीची शीळ थांबली. तो तीन-तीन पायऱ्या गाळत ऑपरेटरच्या खोलीत गेला. ऑपरेटर रीळ गुंडाळत होता.

"मरतो?"

"कोण?"

"तो! दरोडेखोर!"

"मरतो ना. हात वर करतो, फौजदाराला वाटतं पिस्तूल काढतोय. ठ्यां. मग ती बाई नावेतून त्याला पलीकडे नेते. छान घेतलंय, पाण्यावर ऊन वगैरे." ऑपरेटरने डब्याचं झाकण लावलं. "पंचवीस मिनिटं आहेत तुला. पळ."

घंटी पळाला. पुलापर्यंत कसा आला ते त्याला आठवत नाही, पण पुलाच्या चढावर तो आयुष्यात पहिल्यांदा सायकलवरून उतरला आणि त्या वजनदार माणसासारखा चालायला लागला. डोक्यात एकच. सुधारल्याबरोबर जो मरतो, अशा माणसाशी कुठली बाई लग्न करील? आज सुधारला, उद्या ही विधवा! आणि सासूबाईंचा चेहरा त्याला दिसायला लागला. फळकूट खाली पडताना दिसायचा तसा.

त्याच्याकडे एकच कला होती, ती त्याने वापरली. त्याने शेवट चोरला.

धाकट्या थिएटरच्या मागे भिंत आणि गटार यांच्यामध्ये एक चिंचोळी जागा होती. तिथे तो सातवा डबा पोटाशी धरून बसला. भिंतीला कान लावला की आतलं सगळं ऐकू यायचं. सहावा डबा संपला. नावेवाली बोलली, टापा वाजल्या, आणि मग काहीच नाही. शिट्ट्या झाल्या, मग खुर्च्या आपटायला लागल्या. ऑपरेटरने दंतमंजनाची जाहिरात लावली, पुन्हा लावली, तिसऱ्यांदा लावल्यावर कुणीतरी पडद्यावर चप्पल फेकली. शेवटी त्या बिचाऱ्याने एका जुन्या घरगुती सिनेमाच्या शेपटीचा तुकडा शोधून लावला. झोपाळ्यावर बसलेलं एक भलतंच जोडपं, सनई आणि "समाप्त". मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना काय, तो सुटला, परत आला, दोघं झोपाळ्यावर बसली. टोपी काढल्यावर माणूस वेगळा दिसतो, असं म्हणून त्यांनी ते गोड मानून घेतलं.

घंटी पुढच्या दाराशी आला तेव्हा लोक बाहेर पडत होते. सासूबाई शेवटी आल्या. त्या हसत होत्या. चार महिन्यांत, पंधरा वेळा रोज, त्याने त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"तुमचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "टिकला."

"...आणि अशी तुमची सासू मला मिळाली," असं म्हणून सासरे इथे गुडघ्यावर हात देऊन उठतात. "जरा सायकली बघून येतो."

पहिली कितीतरी वर्षं मला ही गोष्ट इथेच संपते असं वाटायचं. चोरी केली, बायको मिळाली, तात्पर्य काही नाही, म्हणून मला ती आवडायचीही. एकदा ते खाली गेल्यावर मी म्हटलं, "आई, म्हणजे बाबांनी तुम्हाला फसवूनच आणलं की." तेव्हा सासूबाईंनी हातातलं शिवण खाली ठेवलं.

"ह्यांना गोष्टी शेवटपर्यंत कधी सांगता येतात का?" त्या म्हणाल्या, आणि दुसरा अर्धा भाग त्यांनी सांगितला.

त्या हसत हसत खिडकीवर परत गेल्या. गेटकीपरच्या बहिणीला उठवलं, स्टुलावर बसल्या. चारच्या खेळाची रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती, कारण झोपाळ्याची बातमी बाहेर पसरली होती. त्यांनी फळकूट वर केलं. पंधरा-वीस तिकिटं गेली, आणि मग जाळीसमोर घंटी.

"किती?" त्या गमतीने म्हणाल्या.

घंटी म्हणाला, "तो मरतो."

मागचा माणूस ओरडला, "अहो! आम्हाला बघायचाय अजून!"

"तो मरतो," घंटीने पुन्हा सांगितलं, आता सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. "झोपाळ्यावरचा तो नव्हेच. शेवटचा डबा मी दिला नाही. मागे बसलो होतो घेऊन." त्याने डबा खिडकीत द्यायला बघितलं, पण तेवढ्या भोकातून तो जाईना. मग त्याने तो दोन्ही हातांनी जाळीसमोर वर धरला, त्यांना नीट दिसावा म्हणून. पत्र्यावर रंगाने सात आकडा होता.

रांगेत एकच गलका झाला. कुणी म्हणालं फसवणूक आहे, कुणी म्हणालं झोपाळावालाच द्या. सासूबाई त्या आकड्याकडे बघत होत्या.

"आणखी काय?" त्यांनी विचारलं.

घंटीने डबा एका हातावर तोलला, दुसरा हात खिशात घातला आणि भोकातून एक वाटी आत सरकवली. सायकलच्या घंटीची. तिच्या कडेला निळ्या रंगाचा ठिपका होता, तो सासूबाईंनीच नेलपॉलिशने दिला होता. चार महिने त्यांच्या सायकलची घंटी नुसती खट्खट् करत होती आणि त्या रस्त्याने "सरका, सरका" ओरडत यायच्या. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्याने ती सवयीने काढली होती. नंतर सायकल कुणाची ते कळलं, आणि मग ती विकता येईना आणि परतही देता येईना.

"आणखी?"

"आणखी बरंच आहे. आत्ता आठवत नाही. यादी करून आणतो."

तो खाली मान घालून उभा होता. हातातला डबा अजून वरच होता, आणि दंड थरथरायला लागले होते. चौदा रिळांचा शेवट म्हणजे काही फुलांचा हार नव्हे.

मी सासूबाईंना विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?"

"आला की! एवढा आला की ती वाटीच फेकून मारणार होते. पण जाळी होती." मग त्यांनी शिवण पुन्हा हातात घेतलं. "माझे वडील कबूल व्हायचे गं, पण पकडल्यावर. जोड उशीखाली सापडला की. ह्यांना कुणी पकडलं होतं? मी खूश होते, लोक खूश होते, ह्यांना हवं ते मिळालेलं होतं. गप्प बसायचं होतं नुसतं. आणि हा वेडा रांगेत उभा राहून, आपला नंबर येईपर्यंत थांबून, मला सांगायला आला. चोराने रांग मोडली नाही. मला तेच डोळ्यांपुढे येत राहिलं."

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, हात खाली घ्या."

त्याने घेतले. त्या म्हणाल्या, "मोठ्या थिएटरात सव्वातीनचा खेळ आहे. डबे पोचवा. तिथे मॅनेजरला हे असंच सांगा."

"तो काढून टाकेल."

"टाकेलच. मग परत या. मी खिडकी उघडी ठेवते."

मॅनेजरने अर्थातच काढून टाकलं आणि डबे पुन्हा त्या वजनदार माणसाकडे दिले. खेळ वीस मिनिटं उशिरा लागला होता आणि तिथल्याही खुर्च्या मोडल्या होत्या. घंटी पायी परत आला, कारण सायकल थिएटरची होती. दुसरा खेळ कधीच सुरू झाला होता, मध्यंतर होऊन गेलं होतं, दुसऱ्या अर्ध्याला कुणी तिकीट घेत नाही, तरी त्या दिवशी खिडकीचं फळकूट वर होतं. सासूबाईंनी त्याला बघितलं, फळकूट पाडलं आणि बाजूच्या दाराने बाहेर आल्या. मग दोघं चालत घरी गेली. सायकल त्या हातात धरून चालवत होत्या आणि वाटेत कुणी नव्हतं तरी घंटी वाजवत होत्या.

धाकट्या थिएटरच्या मॅनेजरने पुढे सातवा डबा मागवलाच नाही. खेळ लवकर सुटायचा आणि लोक खूश. त्याने बाहेर पाटी लावली, "आमच्याकडे नायक मरत नाही." सिनेमा तिथे पाच आठवडे चालला, मोठ्या थिएटरात दोन. अजून नदीच्या या बाजूची म्हातारी माणसं सांगतात की तो मेला, आणि त्या बाजूची सांगतात की छे, झोपाळ्यावर बसला. यावरून एकदा एका साखरपुड्यात मारामारी झाली आहे. घंटी कोपऱ्यावरच्या त्याच सायकलवाल्याकडे कामाला लागला आणि नंतर ते दुकानच त्याने चालवलं. तिथून दुरुस्त झालेली एकही सायकल बिनघंटीची बाहेर गेली नाही. वाटी नसेल तर तो आपल्या पदरची लावायचा. किती जणांच्या परत केल्या आणि किती बाकी राहिल्या, ते मी विचारलेलं नाही. यादी करून आणतो म्हणाले होते, ती अजून यायची आहे.

गेल्या वर्षी तो सिनेमा टीव्हीवर लागला. दुपारची वेळ होती, आम्ही तिघंच घरी होतो. सासरे आता ब्याऐंशीचे आहेत आणि जिना उतरायला त्यांना दहा मिनिटं लागतात. तरी नावेवालीने "मी नाव याच काठाला बांधून ठेवते" म्हटलं, घोडा धुळीत गेला, आणि ते गुडघ्यावर हात देऊन उठले.

"जरा सायकली बघून येतो."

दार लागल्याबरोबर सासूबाईंनी रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. मग आम्ही दोघी काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो. मी तो शेवट पूर्वीच फोनवर पाहिला आहे; पाण्यावर खरंच छान ऊन आहे. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. हे माझ्या स्वभावात बसत नाही, पण मिटलं.

वीस-पंचवीस मिनिटांनी सासूबाई खिडकीशी गेल्या आणि खाली वाकून हाक मारली, "या आता वर! संपला!"

खालून सासऱ्यांचा आवाज आला. "काय झालं शेवटी?"

"आला परत," सासूबाई म्हणाल्या.